हातचं न सोडता पळत्याच्या मागे: इरेना शेविन्स्काने ४०० मीटर कसं निवडलं

जिल्हा स्पर्धेच्या मैदानावर एक वाक्य दर हंगामात कानावर येतं. शंभर मीटरमध्ये चौथी-पाचवी आलेली मुलगी हिरमुसून स्पाइक्सच्या नाड्या सोडत बसलेली असते आणि सर म्हणतात, "जाऊ दे, पुढच्या वेळी तू चारशे पळ." त्या सुरावरूनच कळतं की ही बढती नाही, बदली आहे, आणि तीही आडगावाला. मुलीलाही ते कळतं. ती पुढच्या वर्षी येतच नाही.

म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. शंभर-दोनशेची धावपटू चारशेकडे वळते, असंच हेही आहे. पण इथे तो निर्णय कसा झाला, किती काळ चाचपला गेला आणि कुठे चुकला असावा, हे बारकाईने पाहता येतं. अशा अभ्यासात सहसा नाव झाकतात. मात्र १००, २०० आणि ४०० या तिन्ही अंतरांचे जागतिक विक्रम नावावर असलेली व्यक्ती ॲथलेटिक्सच्या इतिहासात एकच झाली. नाव झाकलं तरी आकडे चुगली करणारच. तेव्हा सरळ नावच घेतो: इरेना शेविन्स्का, माहेरची किर्शेनस्टाइन.

पार्श्वभूमी

इरेनाचा जन्म २४ मे १९४६ चा, लेनिनग्राडचा. वडील पोलिश ज्यू, आई युक्रेनमधली ज्यू. ती तान्ही असतानाच कुटुंब वॉर्सात आलं. शाळकरी वयात तिथल्या पोलोनिया क्लबमध्ये यान कोपिटो या प्रशिक्षकाच्या हाताखाली ती धावायला लागली. कोपिटो स्वतः भालाफेकपटू होता. उंची १.७६ मीटर, टांगा लांब. अशा अंगाच्या मुलीला ब्लॉकमधून उठायला क्षणभर जास्त लागतो, पण एकदा पाय उघडले की मागच्यांना तिची पाठच दिसते.

१९६४ चं टोकियो ऑलिम्पिक. वय १८. तीन प्रकार, तीन पदकं: लांब उडीत ६.६० मीटरवर रौप्य, २०० मीटरमध्ये २३.१ सेकंदांत रौप्य, आणि ४ × १०० रिलेत सुवर्ण. पुढच्या वर्षी ९ जुलैला प्राग इथे तिने आणि रिलेतली तिची सहकारी एवा क्वोबुकोव्स्का हिने एकाच दिवशी १०० मीटरमध्ये ११.१ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवला. महिन्याभरात २०० चाही विक्रम आला, २२.७. १९६६ च्या बुडापेस्ट युरोपियन स्पर्धेत २००, लांब उडी आणि रिले अशी तीन सुवर्णं; १०० मीटरचं सुवर्ण क्वोबुकोव्स्काचं, रौप्य इरेनाचं.

क्वोबुकोव्स्काचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६७ मध्ये कीव्ह इथे युरोपियन चषकाच्या वेळी लिंगचाचणीत तिला अपात्र ठरवलं गेलं आणि एकविसाव्या वर्षाच्या आसपास तिची कारकीर्द संपली. तिचे विक्रम यादीतून काढले गेले. टोकियोच्या रिलेतला ४३.६ चा विश्वविक्रमही त्यात गेला, म्हणजे इरेनासह उरलेल्या तिघींच्या नावावरूनही पुसला गेला. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक मात्र कायम राहिलं. ती चाचणी शास्त्रीयदृष्ट्या कुचकामी होती हे मान्य करायला खेळाच्या कारभाऱ्यांना पुढे तीस वर्षं लागली. आपल्याकडे शांती सौंदराजन आणि द्युती चंद यांची प्रकरणं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे परकं वाटणार नाही.

१९६८ चं मेक्सिको सिटी. तोवर इरेना शेविन्स्का झालेली होती. नवरा यानुश शेविन्स्की, अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू आणि पुढे क्रीडा छायाचित्रकार. त्या वर्षी मार्चपासून पोलंडमध्ये सरकारनेच ज्यूंविरुद्ध मोहीम उघडली होती आणि हजारो ज्यू देश सोडून चालले होते. इरेना पोलंडच्याच जर्सीत धावली. २०० मीटरचं सुवर्ण २२.५८ च्या विश्वविक्रमासह, १०० मध्ये कांस्य. पण लांब उडीत अंतिम फेरी हुकली आणि रिलेत बॅटन तिच्याच हातून निसटली. चार प्रकार हाती घेतले, दोन साधले, दोन सुटले. हे पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवायचं.

पेच

१९७० मध्ये मुलगा झाला. त्याच सुमारास वॉर्सा विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. बाळंतपणानंतर जागतिक पातळीवर परतणं तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी विरळ होतं. ती परतली, आणि १९७१ च्या हेलसिंकी युरोपियन स्पर्धेत २०० मध्ये कांस्यही मिळालं. पण पुढे एक नाव कायमचं येऊन बसलं होतं: पूर्व जर्मनीची रेनाटे श्टेखर. वयाने चार वर्षांनी लहान, बांध्याने दणकट, स्टार्ट बंदुकीच्या गोळीसारखा.

म्युनिक, १९७२. श्टेखरने १०० आणि २०० दोन्ही जिंकल्या, ११.०७ आणि २२.४०. इरेना १०० च्या अंतिम फेरीत पोचली नाही. २०० मध्ये २२.७४ सह कांस्य. पुढच्या उन्हाळ्यात श्टेखरने हाताने बटण दाबून घेतलेल्या वेळेनुसार १०० मीटर आधी १०.९ आणि मग १०.८ मध्ये मारलं, २०० मीटर २२.१ मध्ये.

बाहेरून चित्र सरळ दिसत होतं. सत्तावीस वर्षांची, एका मुलाची आई, तीन ऑलिम्पिक झालेली, आता उतरणीला लागलेली. वर्तमानपत्रात छापून यावं असं हे निदान होतं, आणि ते चुकीचं होतं.

का, ते सांगतो. म्युनिकचे आकडे ओळीने मांडून बघा. २०० मध्ये इरेनाची वेळ २२.७४, मेक्सिकोत २२.५८. मेक्सिको समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथली विरळ हवा स्प्रिंटरला मदत करते. म्हणजे मूल झाल्यानंतर, साध्या हवेत, ती स्वतःच्या विश्वविक्रमापासून अवघ्या १६ शतांशांवर होती. इरेनाचा वेग उतरलाच नव्हता. बाजूच्या लेनमधली बाई पुढे गेली होती. आपली घसरण आणि दुसऱ्याची चढण या दोन गोष्टींवरचा उपाय एकच नसतो. निकालपत्रात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात, 'तिसरी' म्हणून.

पूर्व जर्मनीत सरकारच खेळाडूंना पद्धतशीर उत्तेजकं देत होतं, हे १९९० नंतर उघड झालेल्या कागदपत्रांतून सिद्ध झालं. १९७३ साली वॉर्सात बसून निर्णय घेणाऱ्यांच्या हातात तो कागद नव्हता. त्यांच्यासमोर फक्त घड्याळ होतं.

समोरचे पर्याय

निवृत्ती हा पहिला. पाच ऑलिम्पिक पदकं आताच होती... नाही, सहा; म्युनिकचं धरून सहा. अर्थशास्त्राची पदवी होती, घर होतं. कुणी नावं ठेवली नसती.

श्टेखरशी तिच्याच अंगणात झुंजत राहणं हा दुसरा. १०० मीटरमध्ये पहिल्या तीस मीटरांत जी तूट पडते ती लांब टांगांची धावपटू शेवटी भरून काढते खरी, पण श्टेखर १०० मीटर संपेपर्यंत भरून काढू देत नव्हती. २०० मध्ये थोडी जास्त आशा होती.

लांब उडी हा तिसरा. बुडापेस्टचं सुवर्ण, टोकियोचं रौप्य तिथलंच. पण मेक्सिकोनंतर त्या खड्ड्यातून फारसं काही निघालं नव्हतं. उडीच्या फळीवर आदळणारा पाय आणि वळणावर धावणारा पाय एकच असतो, तो दोन्हीकडे किती पुरवायचा हा प्रश्न होताच. एक ना धड भाराभर चिंध्या व्हायची भीती इथे जास्त.

आणि चौथा, ४०० मीटर.

हा पर्याय काही आकाशातून पडला नव्हता. टोकियोत, इरेनाने पहिली पदकं घेतली त्याच ट्रॅकवर, महिलांची ४०० मीटर ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच झाली होती आणि ती जिंकली होती ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्टने. कथबर्ट म्हणजे १९५६ मध्ये मेलबर्नला १००, २०० आणि रिले अशी तिन्ही सुवर्णं घेतलेली अस्सल स्प्रिंटर. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला जायबंदी झाली, खेळ सोडला, पुन्हा आली आणि ४०० घेऊन गेली. वाट पाडून ठेवलेली होती.

गणितही अनुकूल होतं. म्युनिकला ४०० मीटर जिंकणाऱ्या मोनिका त्सेर्टची वेळ ५१.०८. त्याचे दोन भाग केले तर सरासरी पंचवीस-साडेपंचवीस सेकंदांचे दोन दोनशे. इरेना एक दोनशे साडेबावीसच्या आसपास मारत होती. म्हणजे ४०० च्या विश्वविजेत्या गतीने धावताना तिचं इंजिन खालच्या गिअरवरच चालणार. प्रशिक्षक याला वेगाचा साठा म्हणतात. पहिले दोनशे ज्या गतीने इतर मुली दात-ओठ खाऊन धावतात, त्या गतीने ही खांदे सैल सोडून धावू शकते, आणि वाचवलेला दम शेवटच्या शंभरात खर्चते.

विरोधातला मुद्दाही तितकाच खरा होता. चारशेचा शेवटचा टप्पा काय असतो ते तीनशेच्या खुणेपाशी उभं राहून बघावं. तोवर तालात पडणारी पावलं अचानक जड वाजायला लागतात. गुडघे उचलले जात नाहीत, मान मागे जाते, हात छातीसमोर आडवे फिरायला लागतात. पाय भरून येतात म्हणतो ते हेच. स्नायूंत आम्ल साठून ते आखडतात. त्याची सवय करायची तर आठवड्यातून दोन-तीन दिवस तीनशे-साडेतीनशेच्या खेपा माराव्या लागतात, आणि सरावानंतर ट्रॅकच्या कडेला ओकाऱ्या काढाव्या लागतात. जुन्या प्रशिक्षकांची भीती अशी की या खेपांनी स्प्रिंटरची धार बोथट होते: चारशे मिळायच्या आधी दोनशेही जाते. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्याचा धोका, अगदी शब्दशः.

काय केलं

तिने हातचं सोडलं नाही. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं ते हेच, आणि सांगताना बहुतेक जण तेच गाळतात. 'शेविन्स्का मग चारशेकडे वळली' असं एका वाक्यात उरकतात. प्रत्यक्षात ती दोन वर्षं दोन्ही दरडींवर पाय ठेवून होती.

म्युनिकनंतरच्या काळात सरावाची सूत्रं नवरा यानुशच्या हाती आली. घरातला प्रशिक्षक हे दुधारी शस्त्र आहे. आपल्याकडे बाप-लेकींची उदाहरणं कमी नाहीत. जमलं तर जमतं, नाहीतर घरही बिघडतं आणि हंगामही. इथे जमलं.

मग १९७४ चा उन्हाळा. १३ जूनला पोट्सडाममध्ये २०० मीटर, २२.२१ सेकंद, विश्वविक्रम. तेही पूर्व जर्मनीत, श्टेखरच्या देशात. नऊ दिवसांनी, २२ जूनला, वॉर्सात ४०० मीटर: ४९.९. महिलांच्या ४०० मीटरमध्ये पन्नास सेकंदांच्या आत आलेली ही पहिली नोंद. त्याआधीचा विक्रम ५१.० होता, आणि तो १९७० पासून तिथेच अडकून बसला होता. एकाच धावेत १.१ सेकंदाने खाली. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला रोमच्या युरोपियन स्पर्धेत १०० मीटर ११.१३.

हे तीन आकडे पुन्हा वाचा. चारशेच्या तयारीने धार बोथट होईल ही भीती होती ना? त्याच हंगामात तिने इलेक्ट्रॉनिक घड्याळावर आयुष्यातलं सर्वांत वेगवान शंभर आणि सर्वांत वेगवान दोनशे मारलं. ११.१३ आणि २२.२१ च्या खाली ती पुन्हा कधीच गेली नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, चारशेच्या खेपा मारत असताना. याचा अर्थ प्रत्येक स्प्रिंटरचं असंच होईल असा नाही. पण 'चारशेने वेग जातो' हे दगडावरची रेघ समजून बोलणाऱ्यांना या उन्हाळ्याचं उत्तर द्यावं लागेल.

पुढचा निर्णय रोमचा. हातात ४०० चा विश्वविक्रम असताना युरोपियन स्पर्धेत तिने वैयक्तिक ४०० धावली नाही. १०० आणि २०० निवडल्या. श्टेखरशी हिशेब बाकी होता. तो चुकता झाला: १०० मध्ये ११.१३ विरुद्ध ११.२३, २०० मध्ये २२.५१ विरुद्ध २२.६८. दोन्हींत सुवर्ण, श्टेखरला दोन्हींत रौप्य. दोन वर्षांपूर्वी ज्या लेनमध्ये तिला म्हातारी ठरवलं होतं तिथेच.

यानंतर रस्ता बदलायला ती मोकळी झाली, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, पण माणसाच्या मनाचा विचार केला तर पटतो: हरून सोडलेलं अंतर पायात काट्यासारखं राहतं, जिंकून सोडलेलं राहत नाही.

१९७६ साली मात्र निवड करावीच लागली. त्या वर्षी मे महिन्यात पूर्व जर्मनीच्या क्रिस्टिना ब्रेमरने ४०० मध्ये ४९.७७ नोंदवले. ब्रेमर अठरा वर्षांची. इरेनाने टोकियोत पहिली पदकं घेतली तेव्हा ती सहा वर्षांची होती. २२ जूनला बिदगोश्चमध्ये इरेनाने ४९.७५ धावून विक्रम परत घेतला, वॉर्साच्या ४९.९ ला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. फरक दोन शतांशांचा. आणि मग माँट्रियलला जाताना तिने मेक्सिकोचा धडा पाळला: चार प्रकार नाही, दोनही नाही. वैयक्तिक शर्यत एकच, ४०० मीटर.

परिणाम

माँट्रियल, २९ जुलै १९७६. इरेनाने वयाची तिशी पूर्ण करून दोन महिने झाले होते. अंतिम फेरीत ब्रेमर तीनशे मीटरपर्यंत बरोबरीने होती. शेवटच्या वळणातून सरळ पट्टीवर आल्यावर ब्रेमरची पावलं जड झाली आणि इरेनाची झाली नाहीत. एवढंच. वेगाचा साठा म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर ते शेवटचे शंभर मीटर दाखवावेत. ती तिथे जोर लावताना दिसत नाही, बाकीच्या मागे पडताना दिसतात. ४९.२८ सेकंद (काही याद्यांत ४९.२९), नवा विश्वविक्रम. दुसरी ब्रेमर, ५०.५१. एका सेकंदाहून जास्त अंतर, म्हणजे ट्रॅकवर दहा मीटरच्या आसपास. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत एवढी फट क्वचित दिसते.

सरासरी काढली तर दर शंभर मीटरला १२.३२ सेकंद. तिचं स्वतःचं सर्वोत्तम शंभर ११.१३. दर शंभरामागे सव्वा सेकंदाच्या आसपास गाठीला.

हे तिचं सातवं ऑलिम्पिक पदक: तीन सुवर्णं, दोन रौप्यं, दोन कांस्यं, पाच वेगवेगळ्या प्रकारांत. १९७७ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या पहिल्या विश्वचषकात तिने २०० आणि ४०० दोन्ही जिंकल्या. ४०० मध्ये ४९.५२, मागे पूर्व जर्मनीची मारिटा कोख ४९.७६ वर. पण तिथून वारं फिरलं. १९७८ मध्ये प्रागला कोख ४८.९४ धावली, जगात पहिल्यांदाच ४९ च्या आत. इरेना ५०.४० सह तिसरी. आणि १९८० मध्ये मॉस्कोत, पाचव्या ऑलिम्पिकमध्ये, उपांत्य फेरीत दुखापत होऊन सगळं संपलं.

त्यानंतरचं आयुष्य थोडक्यात: १९९७ ते २००९ पोलंडच्या ॲथलेटिक्स संघटनेची अध्यक्ष, १९९८ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची सदस्य. २९ जून २०१८ रोजी वॉर्सात निधन.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो असा: चारशेकडे आधीच का नाही? म्युनिकला ४०० चं सुवर्ण ५१.०८ वर गेलं. २२.७४ चं दोनशे असलेल्या धावपटूला, वर्षभराची नीट तयारी मिळाली असती, तर ती वेळ आवाक्यात होती. पण १९७२ साली ती बाळंतपणातून सावरून दोनच हंगाम झालेली होती. त्या अवस्थेत नव्या अंतराचा पाया घालणं म्हणजे जखमेवर इमारत बांधणं. मी तिच्या जागी प्रशिक्षक असतो तर मीही थांबलो असतो. मेक्सिकोनंतर लगेच, १९६९ साली विचार व्हायला हरकत नव्हती. पण तेव्हा ती २०० ची विश्वविक्रमवीर होती, आणि जिंकणाऱ्या घोड्याचा टांगा कोण बदलतो?

दुसरा प्रश्न मला जास्त सतावतो, तो रोमचा. १९७४ चं ते ४९.९ हाताने घेतलेल्या वेळेचं. हाताने वेळ घेताना माणूस बंदुकीच्या आवाजावर किंचित उशिरा बटण दाबतो, त्यामुळे चारशे मीटरसाठी साधारण ०.१४ सेकंद त्यात मिळवून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करतात. म्हणजे ५०.०४. पन्नासच्या किंचित वर! रोमला इलेक्ट्रॉनिक घड्याळ होतं. तिथे ४०० मीटर फिनलंडच्या रिट्टा सालिनने जिंकली, ५०.१४ मध्ये, आणि तो इलेक्ट्रॉनिक वेळेचा विश्वविक्रम ठरला. इलेक्ट्रॉनिक घड्याळावर पन्नासच्या आत जाण्याचा पहिला मान पुढे ब्रेमरच्या त्या मे १९७६ च्या ४९.७७ ला मिळाला. १९७७ पासून या अंतरांसाठी इलेक्ट्रॉनिक वेळच विक्रमाला धरायची असं ठरलं, त्यामुळे ही बारकाई पुढे आणखी महत्त्वाची झाली.

रोमला ती ४०० धावली असती तर? त्या हंगामातली तिची लय पाहता ४९ आणि काही शतांश शक्य होतं. पण मग श्टेखरशी दोन्ही शर्यती खेळता आल्या नसत्या. इतिहासाच्या यादीतली एक ओळ की समोरासमोरचा जुना हिशेब, असा तो सौदा. तिने हिशेब निवडला. कागदावर बघणारा सांख्यिकीवाला याला चूक म्हणेल. ज्याने कधी ट्रॅकवर एखादीकडून सलग तीन वर्षं मार खाल्ला आहे, तो म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट मेक्सिकोची. चार प्रकारांचा भार डोक्यावर घेऊन बॅटन निसटली, असा थेट कार्यकारणभाव मी जोडणार नाही. बॅटन ताज्या हातातूनही पडते. पण उंचावर, काही दिवसांच्या अंतराने, उडी, दोन शर्यती आणि रिले हे नियोजन आज कुणी प्रशिक्षक कागदावर लिहून दिलं तर ते परत पाठवावं लागेल. आठ वर्षांनी माँट्रियलला एकाच शर्यतीचा निर्णय झाला, त्यात मेक्सिकोची आठवण असणारच.

मॉस्कोबद्दल मतभेद होऊ शकतात. १९७८ नंतर कोख तिच्यापेक्षा दीड सेकंद पुढे होती. चौतिसाव्या वर्षी तिथे जाण्यात पदकाची आशा थोडीच. निवृत्ती १९७७ च्या ड्युसेलडॉर्फनंतर घेतली असती तर शेवट देखणा झाला असता. पण देखणा शेवट ही प्रेक्षकांची गरज असते. तिला धावायचं होतं, ती धावली.

योगायोग असा की त्याच मॉस्कोत केरळची सोळा वर्षांची एक मुलगी १०० मीटरमध्ये पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर उतरली होती: पी. टी. उषा. चार वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये तिनेही अंतर बदललं, ४०० मीटर अडथळे धरले, आणि ५५.४२ सह एका शतांशाने कांस्य हुकलं. तिचं आणि इरेनाचं प्रकरण शेजारी ठेवून वाचायला हवं. उषाने अडथळ्यांची शर्यत फार थोड्या अनुभवावर ऑलिम्पिकमध्ये नेली. इरेनाने नवं अंतर दोन वर्षं जुन्याच्या सावलीत वाढवलं. उषाकडे तेवढा वेळ नव्हता आणि तेवढ्या स्पर्धाही नव्हत्या. उलट दिशेचंही उदाहरण आहे: हिमा दास ४०० ची ज्युनियर विश्वविजेती, पण २०१९ च्या जुलैत पोलंडमध्येच, पोझनान आणि कुत्नो इथे, ती २०० धावून जिंकत होती. त्या काळात आपल्या चारशेवाल्यांचा सराव पोलंडमधल्या स्पावा या जंगलातल्या केंद्रात चाले.

राहता राहिला तो ४९.२८. पोलंडचा राष्ट्रीय विक्रम म्हणून तो पुढे ४८ वर्षं टिकला. जून २०२४ मध्ये नतालिया काचमारेकने तो मोडला, ४८.९८ सेकंद, युरोपियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत, सुवर्णासह. गाव रोम, स्टेडियम तेच. ज्या ट्रॅकवर १९७४ च्या सप्टेंबरात इरेना शेविन्स्काने वैयक्तिक चारशे मीटर धावायची नाही असं ठरवलं होतं.